वावरातला प्रश्न, विद्यापीठातलं संशोधन

एम.एस्सी. किंवा एम.एस.डब्ल्यू. संपत आलं की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरच्या मुलामुलींना एकच काळजी लागते: पुढे संशोधन करायचं तर विषय कोणता घ्यायचा? पुष्कळदा उत्तर जुन्या प्रबंधांच्या यादीत शोधलं जातं. दुसऱ्या जिल्ह्यावर झालेलं काम घ्यायचं, जिल्ह्याचं नाव बदलायचं, प्रश्नावली तीच ठेवायची आणि शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ लिहायचं. पदवी मिळते, पण जिल्ह्याला त्यातून काहीच मिळत नाही. ज्याने आयुष्याची चार-पाच वर्षं घातली त्यालाही नवं असं काही सापडलेलं नसतं. हे मला फार मोठं नुकसान वाटतं, कारण ज्यांची उत्तरं अजून कुणीच दिलेली नाहीत असे प्रश्न या जिल्ह्यात वावरावावरात पडलेले आहेत.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. विद्यापीठ अमरावतीला, कृषी विद्यापीठ अकोल्याला, वैद्यकीय महाविद्यालयं अकोला आणि यवतमाळला, अशी इतकी वर्षं स्थिती होती. इथल्या माणसाच्या आरोग्याचा अभ्यास व्हायचा तो बाहेरून येऊन. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यांत वाशिमचं आहे. रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा असलेली विज्ञान महाविद्यालयं आहेत, समाजकार्याचं शिक्षण आहे. म्हणजे डॉक्टर, रसायनशास्त्रज्ञ, शेतीतज्ज्ञ आणि समाजशास्त्राचा विद्यार्थी हे चौघे आता एकाच जिल्ह्यात भेटू शकतात. पूर्वी हे शक्य नव्हतं. विषय निवडताना या नव्या सोयीचा विचार आधी करा. ज्या प्रश्नाला या चौघांची गरज पडते, तो प्रश्न घ्या. तुमच्या वाट्याला त्याचा एकच तुकडा आला तरी चालेल, पण तो तुकडा पूर्ण प्रश्नाचा भाग असला पाहिजे.

असा एक प्रश्न पूर्ण उलगडून दाखवतो, म्हणजे बाकीचे तुम्हाला आपोआप दिसू लागतील. तो प्रश्न फवारणीचा.

२०१७ सालाने काय शिकवलं

मानोरा आणि कारंजा तालुक्यांना लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, वीसहून अधिक माणसं दगावली. शासनाने विशेष तपास पथक नेमलं, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. कारणांची चर्चा तेव्हा खूप झाली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा वरून तोंडावर येत होता. बॅटरीवर चालणारे पंप बारीक धुकं उडवत होते. दोन-तीन औषधं एकत्र मिसळली जात होती. अंगावर संरक्षक कपडे नव्हते, सलग दिवसभर काम चाललं होतं. रुग्ण आले तेव्हा नेमकं कोणतं औषध अंगात गेलं हे सांगणारा कागद किंवा डबी बहुतेकांच्या सोबत नव्हती. जिल्हा पातळीवर रक्तातलं कोलिनेस्टरेज हे एन्झाइम मोजण्याची सोय हवी, हा मुद्दाही तेव्हाच प्रकर्षाने पुढे आला.

यातलं एकेक कारण वाचा. पिकाची उंची हा शेतीशास्त्राचा विषय. धुक्याच्या थेंबांचा आकार अभियांत्रिकीचा. मिश्रण रसायनशास्त्राचं. कामाचे तास आणि कपडे हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचे विषय. निदान वैद्यकशास्त्राचं. आणि डबी सोबत का नव्हती, मजूर दुपारी का थांबला नाही, हे समाजशास्त्र. माणूस मेला तो या सगळ्यांच्या एकत्र येण्याने. एकाच शाखेच्या चष्म्यातून पाहिलं तर यातलं एकच कारण दिसतं, आणि उपायही तेवढाच सुचतो: ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती करावी.’ किती प्रबंधांचा शेवट या वाक्याने होतो!

वाशिममध्ये कपाशीपेक्षा सोयाबीन जास्त. सोयाबीन कमरेपर्यंतच वाढतं, तणनाशकाची फवारणी पेरणीनंतर लवकर येते, अळीसाठीची फवारणी जुलै ते सप्टेंबर. म्हणजे यवतमाळचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. सोयाबीनमध्ये औषध अंगावर नेमकं कुठे पडतं? मांड्या आणि पोटऱ्यांवर, की पाठीवर गळणाऱ्या पंपामुळे कमरेवर? हा साधा दिसणारा प्रश्न खरा संशोधनाचा आहे, आणि बी.एस्सी.चा विद्यार्थीही तो एक थेंब विष न वापरता सोडवू शकतो. पंपात नुसतं पाणी घ्या, त्यात खाण्याचा रंग मिसळा, फवारणाऱ्याला पांढरे सुती कपडे घाला आणि नेहमीसारखी अर्धा एकर फवारणी करू द्या. मग शरीराचे भाग ठरवून प्रत्येक भागावरचा रंगाचा डाग मोजा. नोझल बदला, वाऱ्याची दिशा बदला, जुना गळका पंप आणि नवा पंप यांची तुलना करा. कापडाचे ठरावीक तुकडे पाण्यात भिजवून रंग काढला आणि महाविद्यालयातल्या कलरीमीटरवर मोजला तर आकडे मिळतात. ‘आविष्कार’ स्पर्धेसाठी याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही. ही राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ स्पर्धा २००६ पासून चालू आहे आणि तिच्यात शेतीपासून वैद्यकापर्यंत सहा गट असतात.

एन्झाइम मोजण्याआधी

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे एक मोहात पाडणारी गोष्ट भेटते. ऑर्गनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं शरीरातल्या अॅसिटिलकोलिनेस्टरेज या एन्झाइमला चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात. मग मज्जातंतूंच्या टोकाशी अॅसिटिलकोलिन साचत जातं. घाम, लाळ, उलटी, बारीक झालेली बाहुली, श्वास लागणं ही लक्षणं त्यातून येतात. हे एन्झाइम मोजण्याची एल्मन यांची पद्धत १९६१ पासून जगभर वापरात आहे: अभिक्रियेत पिवळा रंग तयार होतो आणि तो ४१२ नॅनोमीटरवर मोजायचा. उपकरण साधं, खर्च आटोक्यात. मग कुणालाही वाटेल, शंभर फवारणाऱ्यांचं रक्त घेऊ आणि मोजू.

थांबा. यात तीन खड्डे आहेत.

पहिला म्हणजे, निरोगी माणसामाणसांत हे एन्झाइम मुळातच कमी-जास्त असतं. एखाद्याचा आकडा ‘सर्वसाधारण’ मर्यादेत असला तरी त्याच्यापुरता तो निम्म्यावर आलेला असू शकतो. म्हणून तुलना त्याच माणसाच्या फवारणीआधीच्या आकड्याशीच करावी लागते. पहिला नमुना एप्रिल-मे मध्ये, दुसरा ऑगस्टमध्ये. हंगाम सुरू झाल्यावर जागं होणाऱ्याचं एक वर्ष गेलंच.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. सगळी कीटकनाशकं या एन्झाइमवर घाला घालत नाहीत. डायफेनथायुरॉन, इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल, इमामेक्टिन बेंझोएट यांची काम करण्याची रीत वेगळी. पॅराक्वाट या तणनाशकाची तर अगदीच वेगळी, आणि त्याच्यावर उतारा नाही. अशा औषधाची बाधा झालेल्या माणसाचं कोलिनेस्टरेज चांगलं येईल आणि तुम्ही ‘विषबाधा नाही’ असं लिहून मोकळे व्हाल. गावात काय फवारलं जातं याची यादी आधी करा, मगच चाचणी ठरवा. ही यादी कृषी सेवा केंद्राच्या पावत्यांवरून, बांधावर पडलेल्या रिकाम्या डब्यांवरून आणि शेतकऱ्याशी बोलून, अशी तिन्ही बाजूंनी करा. तिन्हींत फरक निघाला तर तो फरक स्वतःच एक निष्कर्ष आहे.

तिसरी गोष्ट परवानगीची. विज्ञान महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने गावात जाऊन रक्त घ्यायचं नसतं. वैद्यकीय महाविद्यालयाचा किंवा आरोग्य विभागाचा माणूस सोबत हवा आणि नैतिकता समितीची लेखी मंजुरी हातात हवी.

डबीवरचा त्रिकोण वाचायला स्वतः शिका आणि प्रश्नावलीतही घ्या. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल त्रिकोणातलं मोनोक्रोटोफॉस २००५ पासून भाजीपाल्यावर वापरायला मनाई होती. २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याच्या ३६ टक्के एस.एल. या प्रकारावर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. ते दुकानातून गेल्यावर शेतकरी कोणत्या औषधाकडे वळला? ते कमी विषारी आहे का? जास्त महाग असलं तर मात्रा कमी केली, की दुसऱ्या कशात मिसळलं? हा आजचा, ताजा प्रश्न आहे. उशीर केला तर लोकांच्या आठवणीतून उत्तर पुसलं जाईल. श्रीलंकेने १९९५ मध्ये मोनोक्रोटोफॉस आणि मेथामिडोफॉस, १९९८ मध्ये एंडोसल्फान बंद केलं. कीटकनाशक पिऊन होणाऱ्या आत्महत्या घटल्या आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. एका रसायनाबद्दलचा निर्णय किती घरं वाचवू शकतो, हे तिथल्या संशोधकांना दाखवता आलं कारण त्यांनी आकडे वर्षानुवर्षं नीट जपले होते.

कामाचं ठिकाण म्हणजे फक्त कारखाना नव्हे

व्यावसायिक आरोग्य म्हटलं की आपल्याकडे गिरणी, खाण, कारखाना डोळ्यापुढे येतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने मात्र कीटकनाशकांवरही काम केलं आहे, केरळातल्या कासरगोडच्या एंडोसल्फान प्रकरणाचा अभ्यास तिचाच. वाशिमच्या मजुराचं कामाचं ठिकाण वावर आहे आणि त्याचे नियम त्याला कुणी लिहून दिलेले नाहीत.

बऱ्याच गावांत फवारणीची मजुरी पंपामागे ठरते. जितके पंप मारले तितके पैसे. अशा पद्धतीत हातमोजे घालायला लागणारा वेळ थेट मजुरीतून कापला जातो. मग ‘मजूर हातमोजे का वापरत नाही’ या प्रश्नाचं उत्तर अज्ञान नसून मजुरीचा दर असू शकतं. दिवसाच्या मजुरीवर आणि पंपामागे काम करणाऱ्यांचे दोन गट घ्या, तुलना करा. वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही हा विषय घेता येईल.

संरक्षक कपड्यांबद्दल आणखी एक. पावसाळ्यात हवेत दमटपणा, पाठीवर पंधरा-वीस किलोचा पंप आणि अंगावर प्लास्टिकचा पोशाख. घाम सुकत नाही, शरीर तापतं, चक्कर येते. या चक्करीला मजूर ‘औषध लागलं’ म्हणतो, कधी औषध लागलेलं असतानाही ‘ऊन लागलं’ म्हणतो. भूगोल विभागात ओला-सुका थर्मामीटर असतोच. फवारणीच्या वेळी वावरातलं ओलं तापमान नोंदवा, पोशाखात आणि पोशाखाशिवाय किती वेळ काम होतं ते पाहा, लक्षणं विचारा. ‘संरक्षक साहित्य वापरा’ असं सांगणाऱ्या प्रत्येक पत्रकाला हा अभ्यास उपयोगी पडेल. जो पोशाख वीस मिनिटांत काढून फेकावा लागतो तो कागदावरच सुरक्षित असतो.

बायकांना विसरू नका. पंप पुरुषाच्या पाठीवर दिसतो म्हणून प्रश्नावली पुरुषांकडे जाते. पाणी वाहून आणणं, औषध कालवणं, फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जाणं, माखलेले कपडे घरच्या धुण्यासोबत धुणं, ही कामं कोण करतं ते पाहा. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगाचं ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याकडे लक्ष गेलं. तिथे फार महागडी यंत्रं नव्हती. कुणी न विचारलेलं विचारलं, आणि विश्वासाने उत्तर मिळेल असं वातावरण तयार केलं.

डॉ. अभय बंग यांचं रोजगार हमीच्या मजुरीवरचं काम तर अनेक शाखांचा मिलाफ आहे. किमान मजुरी ठरवताना कष्टाला लागणाऱ्या अन्नाचा आणि कुटुंबाच्या गरजेचा हिशेब चुकला आहे, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं. चार रुपयांची मजुरी बारा रुपये झाली. कॅलरीचं शास्त्र मजुराच्या पदरात पैसे होऊन पडलं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या प्रत्येक संशोधन पद्धतीच्या वर्गात हे उदाहरण पहिल्या तासाला सांगावं.

मार्गदर्शक, प्रवेश, नियम

आता कोरडी पण लागणारी माहिती. यूजीसीचे पीएच.डी.चे सध्याचे नियम नोव्हेंबर २०२२ चे आहेत. किमान तीन वर्षं, कमाल सहा. महिला आणि दिव्यांग संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत. किमान बारा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही केंद्रीय अट आता नाही, तरी विद्यापीठ काय मागतं ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या चालू जाहिरातीत आणि अध्यादेशात वाचा. प्रवेशासाठी २०२४ पासून नेटचे गुणही धरता येतात. विद्यापीठ त्या वर्षी नेट धरतंय की स्वतःची पेट परीक्षा घेतंय, हेही जाहिरातीतच कळेल. मित्राने सांगितलं म्हणून धरून चालू नका.

एका प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. म्हणून जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. पण रिकामी जागा पाहून मार्गदर्शक निवडणं ही सगळ्यात महाग पडणारी निवड आहे. त्यांच्या हाताखालचे आधीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. दोन प्रबंध वाचा. आकडे कुठून आले ते नीट लिहिलंय का, मर्यादा कबूल केल्यात का, निष्कर्ष आकड्यांतून निघतो का. एवढ्यावरून कळतं. शक्य असेल तर आधीच्या विद्यार्थ्याला भेटा.

अनेक शाखांचा विषय घेतलात तर सह-मार्गदर्शकाची तरतूद वापरा. रसायनशास्त्राची मुख्य मार्गदर्शक आणि वैद्यकीय महाविद्यालयातला सह-मार्गदर्शक, किंवा समाजकार्याचा मुख्य आणि कृषी विद्यापीठातला सह. प्रत्यक्षात दोघांचा मेळ बसवायला वेळ जातो, पत्रव्यवहार लांबतो. तो पहिल्या सहामाहीतच उरका.

वैद्यकीय महाविद्यालयातल्या एमबीबीएसच्या मुलांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, थोडं विद्यावेतन, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा प्रश्न स्वतः मांडण्याची संधी. वाशिमच्या पहिल्या तुकड्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये.

पैशाचं म्हणाल तर जेआरएफ मिळालं की १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं. ते नसेल तर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती, आदिवासींसाठी टीआरटीआय. मानोरा-मंगरूळपीरच्या तांड्यांवरच्या मुलांनी महाज्योतीच्या जाहिराती नियमित पाहाव्यात. तारीख चुकली की वर्ष जातं.

हंगामाप्रमाणे वेळापत्रक

शेतीशी जोडलेला विषय असेल तर विद्यापीठाचं सत्र विसरा, हंगाम धरा. जुलै-ऑगस्टमध्ये मोजणी करायची तर एप्रिल-मे मध्ये हंगामाआधीचे नमुने, म्हणजे मार्चपर्यंत गावं निवडून सरपंच, आशाताई, कृषी सहायक यांच्याशी बोलणं झालेलं हवं. त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत, नैतिकता समितीची मंजुरी. त्यासाठी आराखडा दिवाळीनंतर लगेच. प्रश्नावलीची चाचणी मात्र एक हंगाम आधी, दुसऱ्याच गावात करून घ्या. जे प्रश्न तुम्हाला सोपे वाटतात ते तिथे अडतात. ‘तुम्ही किती मिली औषध वापरता?’ या प्रश्नाला माणूस झाकणाच्या मापात उत्तर देतो. मग झाकण मोजायला शिकावं लागतं.

किती माणसं घ्यायची? प्रमाण काय असेल याची कल्पना नसताना, पाच टक्क्यांच्या त्रुटी-मर्यादेत उत्तर हवं असेल तर साधारण ३८४ माणसं लागतात. दहा टक्के चालत असेल तर ९६-९७. ही संख्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड केली तरच खरी. गावंच आधी निवडून मग त्यातली माणसं घेतलीत तर संख्या वाढवावी लागते, कारण एका गावातली माणसं एकमेकांसारखी वागतात. एकाच दुकानातून औषध घेतात, एकच पंप भाड्याने फिरतो. संख्याशास्त्र विभागातल्या माणसाला आराखड्याच्या वेळी भेटा. आकडे गोळा झाल्यावर भेटलात तर तो फक्त काय चुकलं तेवढंच सांगू शकेल.

नवे आकडे गोळा करण्याआधी असलेले वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, वाशिमचं स्वतंत्र पत्रक आहे. जनगणना २०११ ची जिल्हा पुस्तिका आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ आहे. शेतकरी आत्महत्यांवर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई उच्च न्यायालयासाठी २००५ मध्ये केलेला अभ्यास आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा २००६ चा अहवाल, दोन्ही वाचल्याशिवाय त्या विषयाला हात लावू नये. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने नैराश्यावर काम केलं. उपचार मिळालेल्या नैराश्यग्रस्तांचं प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं आणि २०१७ मध्ये ते ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलं. तुमच्या दारात झालेलं हे काम आहे, ते न वाचता परदेशी संदर्भांची रांग लावण्यात अर्थ नाही.

नमुन्यांत कीटकनाशकाचे अवशेष शोधायचे तर जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस लागतं. ते महाविद्यालयात नसेल. केंद्र सरकारच्या ‘आय-स्टेम’ या संकेतस्थळावर देशभरातली उपकरणं आणि त्यांचे दर दिसतात, वेळ मागता येतो. नागपूरची नीरी पाण्या-हवेच्या कामात मदतीची जागा आहे. नमुना कोणत्या बाटलीत, किती थंडाव्यात, किती तासांत पोचवायचा, हे प्रयोगशाळेला आधी विचारा. उन्हाळ्यात एसटीच्या डिकीतून गेलेल्या नमुन्याचा आकडा काढण्यात काही अर्थ नसतो.

संमती आणि सांभाळ

या भागात घाई करणाऱ्याने माणसांवरचं संशोधन करू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१७ ची आहेत, ती समाजशास्त्रीय आरोग्य संशोधनालाही लागू पडतात. संमतीपत्र मराठीत हवंच. तांड्यावर गेलात तर ते गोरमाटी बोलीत समजावून सांगणारा माणूस हवा. अंगठा घेणार असाल तर तटस्थ साक्षीदार हवा, आणि ज्याच्या वावरात तो माणूस कामाला जातो तो मालक साक्षीदार नसावा. मालकासमोर मजुराला विचारलेलं कोणतंही उत्तर खरं धरू नका. संध्याकाळी त्याच्या घरी जा. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क प्रत्यक्षात वापरता येईल असं बोला. कुणी नाही म्हटलं तर ती संख्या प्रबंधात लिहा.

नाव लपवणं पुरेसं नसतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावात ‘चाळिशीची विधवा, दोन एकर, भावाच्या आश्रयाला’ असं लिहिलं की सगळ्यांना कळतं. गावाचं नाव बदला, वय गटात द्या, नको तो तपशील गाळा.

एखाद्याचं एन्झाइम फार कमी आलं तर तुमचा प्रबंध बाजूला ठेवा. त्याला त्याच दिवशी कळवा, डॉक्टरकडे पोचवा, काही दिवस फवारणी थांबवायला सांगा. ही तजवीज, म्हणजे कुणाला फोन करायचा, गाडी कशी मिळेल, हे आराखड्यातच लिहून ठेवा. फवारणीत कुणी कोसळलं तर अंगावरचे कपडे काढणं, साबण-पाण्याने धुणं, १०८ ला फोन करणं आणि औषधाची डबी रुग्णासोबत दवाखान्यात पाठवणं, एवढं तुमच्या चमूतल्या प्रत्येकाला पाठ हवं. आत्महत्या झालेल्या घरी मुलाखतीला जाणार असाल तर प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय जाऊ नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक सोबत ठेवा, आणि मुलाखत संपल्यावर लगेच उठून निघू नका.

लिहिणं आणि छापणं

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं. चाळीसपर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यावं लागतं. साठपर्यंत एक वर्ष प्रबंध देता येत नाही, साठच्या पुढे नोंदणीच रद्द. पण साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला चोरलेला विचार ओळखता येत नाही, तो तुम्हालाच ओळखावा लागेल. यूजीसीने २०२५ मध्ये नियतकालिकांची केअर यादी बंद केली. त्यामुळे कुठे छापायचं याची जबाबदारी आता संशोधक आणि संस्थेवर आली आहे. आठवड्यात स्वीकृती, पैसे भरताच प्रमाणपत्र, समीक्षकांचा एकही आक्षेप नाही, असं असेल तर तिथे छापू नका. तुमचं खरं काम अशा जागी छापलं तर ते कुणी वाचणार नाही.

प्रबंध मराठीत लिहायचा की इंग्रजीत हे विषय आणि विद्यापीठाच्या नियमांवर ठरेल. निष्कर्षांचं चार पानी मराठी टिपण मात्र प्रत्येकाने करावं. ते त्या गावच्या ग्रामसभेत वाचा, एक प्रत ग्रामपंचायतीत, एक प्राथमिक आरोग्य केंद्रात, एक तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, एक करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. कोणता पंप कुठे गळतो, कोणतं मिश्रण टाळायचं, कोणत्या वेळी फवारलं तर अंगावर कमी येतं, हे त्यात आकड्यांसह असू द्या. लोक आक्षेप घेतील, ‘आमच्या वावरात असं नाही’ म्हणतील. ते आक्षेप लिहून घ्या, पुढच्या हंगामाची प्रश्नावली त्यांतूनच तयार होईल. आणि ग्रामसभेची ही तारीख आराखड्यातच टाकून ठेवा, खर्चाच्या रकान्यासकट, म्हणजे प्रबंध सादर झाल्यावर ती राहून जाणार नाही.